नवी एमटीबी जड वाटते? आधी हवा काढा, मग डांबर सोडा

भाऊ, प्रश्न वाचला. नवी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक (एमटीबी) घेतली, आठवडाभर नागपुरात सिव्हिल लाइन्स ते वर्धा रोड चालवली, जड जाते, साधा सायकलवालाही पुढे निघून जातो, आणि आता वाटून राहिलं की पैसे वाया गेले. काही वाया नाही गेले. सव्वादोन इंची, खोल खाचांचा टायर डांबरावर घुंघुं करत ओढणारच. ही सायकल त्यासाठी बनलीच नाही.

आधी हवा बघा. दुकानातून बहुतेक वेळा टम्म भरलेली मिळते. वजन सत्तर किलोच्या आसपास असेल आणि आत ट्यूब असेल, तर मातीसाठी पुढे २६-२८ आणि मागे ३०-३२ पीएसआयपासून सुरुवात करा. त्याहून फार खाली नको, दगडावर आपटली की ट्यूब रिमखाली चिमटते आणि दोन भोकं शेजारी-शेजारी पडतात. मग पुढच्या सस्पेन्शनचं लॉक उघडा, नाहीतर ते दबतच नाही. हसू नका, आपल्या ग्रुपमध्ये लॉक लावूनच महिनोन्महिने फिरणारे आहेत. ब्रेक डिस्कचे असतील तर मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन जवळजवळ थांबेपर्यंत दाबा, असं पंधरा-वीसदा करा. पॅड बसले की पकड एकदम बदलते. ब्रेकचं महत्त्व या खेळात पहिल्यापासून आहे. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात जुन्या सायकली डोंगरावरून सोडायची शर्यत सुरू झाली, तिचं नाव ‘रिपॅक’. ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्येच (मधल्या तुंब्यात) असायचा, त्यामुळे खाली पोचेपर्यंत तिथलं ग्रीस जळून धूर निघायचा आणि दर खेपेला ते नव्याने भरावं, म्हणजे ‘रिपॅक’ करावं लागायचं. आपल्याला तेवढा व्याप नाही.

आता जागा. आपल्याकडे सह्याद्रीचे घाट नाहीत हे खरं, पण दख्खनच्या बेसॉल्टची पूर्वेकडची कड नागपूरपाशीच येते. शहराच्या पश्चिमेला तोच खडक झिजून मुरूम झालेला आहे. हिंगण्याच्या पुढे झिलपीच्या बाजूला निघा आणि गावकऱ्यांना विचारून एखादी पांदण धरा. चढ छोटे, उतार छोटे, एकामागून एक. शिकायला याहून चांगलं काही नाही. गोरेवाड्याला जंगलाची मजा आहे, पण जिथे सायकलला परवानगी आहे तिथेच फिरा. बिबट्याचा इलाका आहे तो, ‘शॉर्टकट पाहून येतो’ वगैरे नको.

पहिल्या उतारावर सीटवरून उठा. दोन्ही पायडल समपातळीत, टाचा किंचित खाली, कोपरं बाहेर, ब्रेकवर एकच बोट. हँडल आवळून धरलं की प्रत्येक दगड खांद्यापर्यंत येतो. सैल धरलं की चाक आपली वाट आपण काढतं. नजर पुढच्या चाकावर नको, चार-पाच सायकलींच्या अंतरावर ठेवा. वळणाआधी ब्रेक मारून घ्या, वळणात सोडून द्या. हे जमलं की कधीतरी एक क्षण असा येतो की सायकल खाली नाचत असते, तुम्ही वर जवळजवळ स्थिर असता आणि मुरमाची चरचर एका लयीत ऐकू येते. मजा म्हणतात ती हीच, आणि वर्धा रोडवर ती मिळत नाही.

ऋतूचं भान ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानं गळतात, सुपाएवढी. त्यावरून जाताना आवाज भारी येतो, पण खाली दगड आहे की खड्डा ते दिसत नाही आणि ब्रेक दाबला की पानासकट चाक सरकतं. तिथे हळू. मे महिन्यात पारा पंचेचाळीसपर्यंत जातो, सकाळी आठच्या आत घरी परत या. पावसाळ्यात काळ्या मातीत शिरूच नका. टायर आणि फ्रेमच्या मधे ती अशी थापली जाते की चाक फिरायचंच बंद होतं, मग सायकल खांद्यावर. मुरमाच्या वाटा मात्र पाऊस थांबल्यावर लवकर निचरतात. आणि गोखरू, ट्यूबमध्ये घुसणारे ते काटे! पावसाळा सरला की पांदणीच्या कडेला तो पसरलेलाच असतो. टायर-रिम ट्यूबलेस होणारे असतील तर कधीतरी ट्यूब काढून सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारं पातळ द्रव, भरून घ्या. तोवर एक जादा ट्यूब आणि पंप जवळ असू द्या.

नवी आहे म्हणून पोळ्याच्या बैलासारखी सजवून ठेवू नका, ओरखडे पडू द्या. फक्त सुरुवातीच्या काही फेऱ्यांनंतर दुकानात दाखवा. नव्या केबल ताणून बसतात म्हणून गिअर कुरकुर करतात, आरेही थोडे सैल होतात. पहिली सर्व्हिसिंग फुकट असते बऱ्याच ठिकाणी, सोडू नका.

‘फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली) घ्यायला पाहिजे होती का’, हा तुमचा दुसरा प्रश्न. माझ्या मते नागपूरसाठी नाही. तेवढ्या पैशात वजन वाढतं, धूळ खाणारे बेअरिंग वाढतात, आणि इथले उतार सुरू होता होता संपतात. ज्याला दर महिन्याला डोंगराकडे जायचंय त्याने घ्यावी.