वाचकांचे प्रश्न : ‘कुर्ल्याला’ बरोबर, मग ‘दादरला’ कसे?

प्रश्न : माझी मुलगी यंदा भाषाविज्ञान शिकू लागली असून तिच्या अभ्यासक्रमात ‘रूपविचार’ नावाचा भाग आहे. शब्दांची घडण अभ्यासायची म्हणजे नेमके काय करायचे, असे मी विचारले, तेव्हा तिने मलाच उलट विचारले, की आपण ‘कुर्ल्याला’, ‘ठाण्याला’ म्हणतो, मग ‘दादराला’ न म्हणता ‘दादरला’ का म्हणतो? ‘घर’चे ‘घराला’ होते, त्या हिशेबाने आपण सारे मुंबईकर चुकीचे बोलतो का?
– एक वाचक, परळ

उत्तर : चुकीचे मुळीच बोलत नाही. आपल्या मुलीचा प्रश्न मात्र रूपविचाराच्या अगदी गाभ्याचा आहे. शब्दाचे अर्थपूर्ण असे लहानात लहान घटक कोणते, ते एकमेकांना कसे जोडले जातात आणि जोडताना कोणाचे रूप बदलते, हे पाहणे म्हणजे रूपविचार. या घटकाला कोणी रूपिका म्हणतात, कोणी पदिम.

मराठीत विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वी नाम बहुधा वाकते आणि त्या वाकलेल्या रूपाला आपण सामान्यरूप म्हणतो. पुल्लिंगी ‘कुर्ला’चे ‘कुर्ल्या’ होते, नपुंसकलिंगी ‘ठाणे’चे ‘ठाण्या’ होते. लोकलमधली उद्घोषणा ‘पुढील स्टेशन कुर्ला’ असे सरळ नाव सांगते आणि दारातला प्रवासी लगेच ‘कुर्ल्याला उतरायचंय का?’ असे विचारतो. व्याकरणाचे पुस्तक न उघडता तो हा नियम बिनचूक पाळत असतो.

व्यंजनाने संपणाऱ्या नामांची गोष्ट निराळी आहे. ‘घर’, ‘दगड’ ही सामान्यनामे ‘ला’पूर्वी आकार, म्हणजे शेवटी ‘आ’ हा स्वर, घेतात, पण विशेषनामाला तेथे सूट मिळते, म्हणून ‘रमेशला’, ‘दादरला’, ‘चेंबूरला’. नावाची ओळख पुसू नये, ही बोलणाऱ्याची ओढ त्यामागे असावी, असे मला वाटते. ही सूट सर्व प्रत्ययांपुढे मात्र चालत नाही. ‘चेंबूरला जातो’ म्हणणारा माणूस ‘चेंबूरत राहतो’ असे कधीच म्हणणार नाही. तो ‘चेंबुरात’ म्हणेल किंवा ‘चेंबूरमध्ये’. ‘त’ हा एकटाच वर्ण असल्यामुळे त्याला टेकायला स्वर लागतो. जुन्या लेखनातल्या ‘नागपुरास’मधल्या ‘स’चेही तेच आहे. म्हणजे नाव वाकायचे की नाही, हे एकट्या नावावर ठरत नाही, त्यात प्रत्ययाचाही वाटा असतो.

आकार येण्या-न येण्याने कधी अर्थही बदलतो. ‘घरचा डबा’ म्हणजे आपल्या माणसांनी करून दिलेला. ‘घराचा दरवाजा’ म्हणजे त्या वास्तूचा. एवढ्याशा आकाराने आपुलकी आणि मालमत्ता वेगळी केली, हे मला आजही विलक्षण वाटते.

अलीकडे ‘ठाणेमध्ये’, ‘पुणेमध्ये’ असे फलक दिसतात, त्यांचे मला खरोखर वाईट वाटते. ‘दादरमध्ये’ला जी सूट भाषेने दिली, ती एकारान्त नावांना दिलेली नाही, ‘ठाण्यामध्ये’, किंवा सरळ ‘ठाण्यात’, हेच मराठीचे वळण आहे.

शब्द नव्याने घडतात, तिथेही अशाच जागा सापडतात. टांगा हाकणारा तो ‘टांगेवाला’ आणि रिक्षा चालवणारा तो ‘रिक्षावाला’. त्याच्याकडे टांगा एकच, तेव्हा हा एकार अनेकवचनाचा नव्हे. ‘घोडेस्वार’ही एकाच घोड्यावर बसतो. पुल्लिंगी आकारान्त शब्द जोडशब्दात असा एकार घेतात; ‘रिक्षा’ स्त्रीलिंगी असल्याने तिचा आकार तसाच राहिला. ‘वडापाव’ मात्र निराळा वागतो. ‘वड्याला’ म्हणणारे आपण ‘वड्यापावला’ म्हणत नाही, आणि गाडीवर मागतानाही ‘चार वडापाव’ असेच मागतो. ‘वडा’ पुल्लिंगी आकारान्त असूनही त्या शब्दाच्या आत वाकत नाही. तो समास आतून पक्का मिटला आहे.

मुलीला दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे 1836 मध्ये मुंबईत प्रसिद्ध झालेले व्याकरण आणि मोरो केशव दामले यांचे 1911 मधील ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ अवश्य दाखवा. त्याआधी तिला एक वही द्या आणि परळहून कल्याणपर्यंतच्या प्रत्येक स्टेशनाच्या नावाला ‘ला’, ‘त’ आणि ‘चा’ लावून, सोबतचे प्रवासी प्रत्यक्षात काय बोलतात ते त्यांच्याच शब्दांत टिपायला सांगा.