कंत्राटी कामगारांची पडताळणी कुणी करायची?

प्रश्न: आमच्या शाळेत सफाई कामगार आणि बसमधल्या ताई ठेकेदाराकडून येतात. त्यांची पोलीस पडताळणी ठेकेदाराने करायची की आम्ही? – एक मुख्याध्यापिका

उत्तर: मॅडम, जबाबदारी शाळेचीच. पोक्सो म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा; त्याच्या २०२० च्या नियमांनुसार मुलांच्या संपर्कात येणारा कर्मचारी कायम असो वा कंत्राटी, त्याची पडताळणी संस्थेने ठरावीक काळाने करायची असते. ‘ठेकेदाराने केली असेल’ यावर विसंबू नका. प्रमाणपत्र स्वतः पाहा, प्रत फाइलला लावा.

घोळ होतो तो पत्त्यात. अर्जात फक्त आताची भाड्याची खोली लिहिली, तर आधीच्या जिल्ह्यातला गुन्हा निसटू शकतो. म्हणून जुने सगळे पत्ते लिहून घ्या, आधी जिथे काम केलं तिथल्या मालकाला फोन करा. आणि आयत्या वेळी आलेला बदली माणूस? पडताळणीआधी त्याला मुलांजवळ एकटं सोडू नका, एक दिवससुद्धा.