हजेरीपुस्तक काढून ठेव

चि. पोरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा नाशिकला, अंबडच्या तुझ्या कारखान्यात आलो तेव्हा तू संगणकावर चालणारी नवी सीएनसी मशीन कौतुकाने दाखवलीस. माझं लक्ष मात्र कोपऱ्यातल्या पायपेडलच्या जुन्या प्रेसकडे होतं. त्यावर वॉशर मारणारा पोरगा नवीन दिसला, म्हणून विचारलं. तू म्हणालीस, "काका, आठच दिवस झालेत. महिनाभर टिकतोय का बघते, मग ईएसआयच्या कामगार विम्यात नाव टाकते." घरी आल्यापासून ते वाक्य डोक्यातून जात नाही. तुझ्या वयाचा असताना मीही हेच बोललो होतो.

तेव्हा सातपूरच्या माझ्या शेडमध्ये चौदा माणसं होती. सुरगाण्याकडचा एक मुलगा भातलावणी उरकून कामाला आला. तिसऱ्या दिवशी, दुपारच्या चहाच्या जरा आधी, डायच्या साच्यात अडकलेला तुकडा काढायला त्याने उजवा हात घातला आणि त्याच क्षणी पाय पेडलवर पडला. दोन बोटं गेली. दवाखान्याचा खर्च मी केला, पण हजेरीपुस्तकात त्याचं नावच नव्हतं. सल्लागार म्हणाला, काहीतरी देऊन कागद करून घ्या. मी तसंच केलं. त्याला सही येत होती. पण उजवा हात पट्टीत, म्हणून पावतीवर डावा अंगठा घेतला. शाई मी स्वतः लावली. तो काही बोलला नाही, फक्त अंगठा पँटला पुसत राहिला.

त्याचं नाव पहिल्या दिवशी नोंदवलं असतं तर काय झालं असतं, ते ऐक. कामावरच्या अपघाताला ईएसआयमध्ये वर्गणी किती दिवस भरली, ही अट नाही. बरा होईपर्यंत पगाराच्या सुमारे 90 टक्के मिळतात आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर त्या प्रमाणात आयुष्यभर दरमहा रक्कम मिळते. आयुष्यभर, पोरी. मी दिलेले पैसे त्याला पुढची भातलावणी येईपर्यंतसुद्धा पुरले नसतील. आणि हे टाळून मी किती वाचवत होतो? आजच्या दराने मालकाचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75 टक्के. म्हणजे 16 हजार पगारावर तुझे 520 रुपये, त्याचे 120. दहा माणसं झाली की हा कायदा लागू होतो आणि तुझ्याकडे त्याहून जास्त आहेत. नाव नोंदवायचं ते तो मशीनला हात लावायच्या आधी. नाव, आधार, बँक खातं, नेमणूकपत्र हे सगळं सकाळच्या पाळीला, चहाच्या आत होतं.

नेमणूकपत्र देणं आता ऐच्छिक राहिलेलं नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यात प्रत्येकाला ते द्यायला सांगितलंय. ठरावीक मुदतीवर घेतलेल्या माणसालाही वर्षभरानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आलाय. बाकीच्यांची पाच वर्षांची अट आहे तशीच आहे. आणि भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरची रक्कम वेतनातच धरली जाते. म्हणून बेसिक कमी दाखवून पीएफ वाचवायची तुझ्या अकाउंटंटची जुनी युक्ती विसर.

पीएफचं आणखी एक. पोरं म्हणतील, "मॅडम, कापू नका, हातात द्या." पेठ-सुरगाण्याहून आलेल्या पोराला आज घरी पाठवायचे पैसे दिसतात, त्यात त्याचं काही चुकत नाही. पण तू मान हलवू नकोस. बसव त्याला, मोबाइलवर पासबुक उघडून दाखव. तो भरेल तेवढेच तुझेही पडतात, त्यातले काही पेन्शनला जातात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. आणि त्याच्या पगारातून कापलेली रक्कम पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरायचीच. ती त्याची आहे, चार दिवस वापरायलाही तुझी नाही. उशीर झाला तर ती मालकाच्या उत्पन्नात धरली जायची आणि आयकरात वजावट मिळायची नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केलं होतं.

ठेकेदाराची माणसं "आपली नाहीत" असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो तुलाच द्यावा लागतो. दर महिन्याला त्याची पीएफ-ईएसआयची चलनं बघितल्याशिवाय बिल सोडू नकोस. ओव्हरटाइम दुप्पट दराने, आणि तो हजेरीपुस्तकात दिसला पाहिजे, चिठ्ठीवर नाही.

पॅकिंगला चार बायका आहेत. तू स्वतः बाई आहेस म्हणून लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती लागत नाही असं नाही; दहा माणसं असली की 2013 च्या कायद्याने ती लागतेच. अध्यक्ष बाईच, किमान निम्म्या सदस्य बायका, एक सदस्य बाहेरचा. समितीची नावं पॅकिंगच्या भिंतीवर लाव, ऑफिसात नको. तुझ्या सुपरवायझरविरुद्ध बोलायचं असेल तर कुणाकडे जायचं, हे त्या बायकांना आज ठाऊक नाही. मी विचारलं होतं.

मंगळवारी सकाळी येतोय. त्या प्रेसला दोन हातांची बटणं बसवणारा माणूस बरोबर आणतो. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय रॅम, म्हणजे प्रेसचा वरून दाबणारा भाग, खाली येणार नाही, असं करून घेऊ. तोवर तो प्रेस बंद ठेव, ऑर्डर थांबली तरी चालेल. आणि हजेरीपुस्तक काढून ठेव. त्या पोराचं नाव आजच्या तारखेने नको, तो आला त्या खऱ्या तारखेने लिहिलेलं मला बघायचंय, आठ दिवसांच्या पगारासह.

तुझा,
काका