कागद आणि प्लास्टरची शिल्पं म्हणजे कच्चं काम, खरं शिल्प दगडाचं किंवा ब्राँझचंच, असं आहे का?

नाही. प्लास्टर हे साच्याचं, मधल्या टप्प्याचं साहित्य मानलं जायचं, त्यामुळे हा समज झाला. अमेरिकेत जॉर्ज सीगल यांनी 1961 पासून हाड मोडल्यावर बांधतात त्याच प्लास्टरच्या पट्ट्या जिवंत माणसांभोवती गुंडाळून पांढऱ्याफटक आकृत्या केल्या आणि बरीच वर्षं त्या तशाच ठेवल्या.

मला मात्र जास्त आवडतात ते व्हिएन्नाचे फ्रान्झ वेस्ट (1947–2012). त्यांनी 1970च्या दशकात 'पासश्ट्युके' (जर्मन शब्द, म्हणजे 'जुळणारे तुकडे') केले: कागदाचा लगदा, प्लास्टर, आत तार, वर पांढरा रंग. आकार असे बेढब की धड काठी नाही, धड भांडं नाही. प्रेक्षकांनी ते उचलायचे, अंगाला टेकवायचे, आणि मग आपण किती विचित्र उभे आहोत हे लक्षात येतं! ब्राँझचं असतं तर कोण उचलणार? 2011 साली व्हेनिस बिनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात त्यांना जीवनगौरवाचा गोल्डन लायन पुरस्कार मिळाला.

टिकाऊपणाचं म्हणाल तर नुसतं प्लास्टर ठिसूळ, ताण पडला की तडकतं. कागदाचे तंतू तो ताण झेलतात, शिवाय वजनही घटतं. शत्रू म्हणजे ओल. प्लास्टर पाण्यात थोडं विरघळतं, कागदाला बुरशी लागते. त्यामुळे कोकणातल्या पावसाळ्यात असलं शिल्प व्हरांड्यात ठेवू नका.