दिसला नाही, पण बोलला

प्रश्न : आमच्या पोफळीच्या वाडीमागच्या रानातून जून लागल्यापासून पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ येते. मोबाइलवरचं ‘मर्लिन’ अ‍ॅप म्हणतं, हा नवरंग. तीन आठवडे झाले, पक्षी काही दिसला नाही. आयुष्यभरात भेटलेल्या पक्ष्यांच्या यादीत त्याचं नाव लिहू का?
– एक वाचक भगिनी, गुहागर

उत्तर : ताई, खुशाल लिहा. ऐकलेला पक्षी यादीत धरतात, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावरही चालतो. नवरंग पावसाच्या तोंडावर कोकणात विणीला येतो आणि गर्द झाडीखाली पाचोळा उलटत जमिनीवरच हिंडतो. तो दिसणं कठीणच. पण तुम्ही सांगितलेल्या वेळा अगदी त्याच्याच आहेत.

फक्त अ‍ॅपच्या एकट्याच्या भरवशावर लिहू नका. त्याला आवाज ओळखता येतो, तो कोणाच्या गळ्यातून आला ते कळत नाही. आसूदच्या वाडीत एका पहाटे मी शिक्रा ऐकला आणि लगेच वहीत नोंदवला. थोड्या वेळाने तोच आवाज फणसावरून आला, आणि त्याच फांदीवरून पाठोपाठ हळद्याची शीळ! वर पाहिलं तर शेपटीच्या दोन लांब तारा झुलवत भृंगराज बसलेला. हा पक्का नकलाकार. त्या पानावरचा ‘शिक्रा’ मी खोडला.

म्हणून आवाज आपल्या अक्षरांत लिहायची सवय लावा. आपल्या आज्या-पणज्यांनी पावशाचं ‘पेर्ते व्हा’ असंच टिपलं. माझ्या वहीत नवरंगापुढे ‘व्हीऽट्-ट्यू’ आहे आणि कंसात ‘ऐ’, म्हणजे नुसता ऐकलेला. पुढे आठ वर्षांनी एका पडलेल्या ओंडक्यावर तो दिसला. मान मागे टाकून, चोच आभाळाकडे करून शीळ घालत होता, पोटाखालचा लाल रंग ओल्या उजेडात पेटल्यासारखा. त्या दिवशी ‘ऐ’शेजारी ‘पा’ लिहिताना हात थरथरला होता.

एक कळकळीची विनंती. त्याला बाहेर काढायला मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवू नका. हे विणीचे दिवस. आपल्या हद्दीत दुसरा नवरंग शिरला असं समजून तो घरटं सोडून धावत येतो. त्यापेक्षा पाऊस उघडला की मागच्या गडग्याशी न हलता बसा आणि पाचोळा कुठे उडतोय तेवढं बघा.