गाडी नसताना बाळासाठी कार सीट घ्यावी का, आणि कोणती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात घोडबंदर रोडला राहता, गाडी नाही आणि घ्यायचा विचारही नाही. बाळ तीन महिन्यांचं आहे. लसीकरण, डॉक्टर सगळं रिक्षाने होतं. पण दर महिन्या-दोन महिन्यांनी कॅबने पुण्याला माहेरी जाणं असतं, अधूनमधून वाशीला नणंदेकडे. सासूबाई म्हणतात, मांडीवर घेऊन बसू. भाऊ अमेरिकेतून सीट आणतो म्हणतोय. आणि नेटवर मिळणारा सगळा सल्ला दारात स्वतःची गाडी उभी असणाऱ्यांसाठी लिहिलेला.

सीट घ्याच. आमच्याकडेही गाडी नाही, आणि दोन मुलं याच रस्त्यावर, मानपाड्याला लहानाची मोठी होतायत, त्यामुळे ठामपणे सांगते. फक्त निवडायची कसोटी वेगळी ठेवा. गाडीवाले सीट एकदा बसवतात आणि विसरून जातात. तुम्हाला ती दर वेळी अनोळखी गाडीत, सोसायटीच्या गेटवर, मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत असताना लावायची आहे आणि पोचल्यावर काढून उचलून न्यायची आहे. म्हणून हलकी, आणि गाडीच्या साध्या बेल्टने पटकन लागणारी सीट घ्या. घरी माळ्यावर पडून राहिलेल्या भारी सीटपेक्षा दर फेरीला सोबत येणारी साधी सीट बाळाच्या कामाची.

आधी सासूबाईंचं बघू, कारण ते पटल्याशिवाय पुढचं काहीच होणार नाही. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी कशावर तरी आदळून जेमतेम अर्धा मीटर चेपत थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला आपल्या वजनाच्या वीसेक पट जोर लागतो. म्हणजे सात किलोचं बाळ त्या क्षणी दीडशे किलोच्या आसपास ओढ घेतं. कितीही माया असो, कितीही घट्ट धरलेलं असो, हातातून सुटतंच. एकाच बेल्टमध्ये आजी आणि नातू दोघं बसले तर आजीचं सगळं वजन बाळावर येतं. पोटाला बांधायच्या कांगारू बॅगेचंही तेच. ती चालायला उत्तम, पण कॅबमध्ये ती सीटची जागा घेऊ शकत नाही.

घरातल्या मोठ्यांचा आणखी एक समज असतो की मागे बसलं की झालं. सप्टेंबर 2022 मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री पालघरजवळ अपघातात गेले तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. घोडबंदरवरून आपण ज्या अहमदाबाद हायवेला लागतो, तोच तो रस्ता. हे उदाहरण आमच्याकडे पटलं. कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ब प्रमाणे 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल तर 1000 रुपये दंड आहे. पण दंडासाठी कोणी सीट घेत नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

आता सीट. तुमच्या बाळासाठी सध्या पकडायला दांडी असलेली, मागे तोंड करून लागणारी इन्फंट सीट घ्या. लेबलवर 0+ गट किंवा 13 किलोपर्यंत असं लिहिलेलं असतं. काहींवर वजनाऐवजी उंची असते. वजन साधारण तीन-चार किलो, बाळासकट उचलता येते, आणि अडॅप्टर मिळत असेल तर स्ट्रोलरवर बसते. तोंड मागेच का, तर या वयात डोकं शरीराच्या मानाने फार जड असतं आणि मानेचे मणके अजून पक्के झालेले नसतात. गाडी समोरून धडकली तर मागे तोंड असलेल्या बाळाची पाठ, मान आणि डोकं एकत्र सीटच्या पाठीत दाबलं जातं. पुढे तोंड असेल तर धड पट्ट्यांत अडकतं आणि डोकं तेवढं पुढे झेपावतं. म्हणून निदान सव्वा वर्षापर्यंत, आणि सीटची वजन-उंचीची मर्यादा परवानगी देईल तोवर त्यापुढेही, तोंड मागेच ठेवा. पाय दुमडले जातात म्हणून घाईने वळवू नका. मुलं मांडी घालून मजेत बसतात.

आयसोफिक्सच्या मोहात पडू नका. गाडीच्या सीटच्या फटीतल्या लोखंडी कड्यांना खटकन अडकणारी ती सोय स्वतःच्या गाडीत फार चांगली. पण कॅब म्हणून जी वॅगनआर किंवा डिझायर येईल तिच्यात कडी असतील की नाही हे बुकिंग करताना कळत नाही. गोल फिरणाऱ्या सीटचंही तसंच. दुकानात छान वाटते, पण तिचं वजन दहा किलोच्या पुढेमागे असतं. एका कडेवर बाळ, दुसऱ्या हातात ती, खांद्याला डायपरची बॅग, आणि लिफ्ट बंद. वेगळा बेस, म्हणजे गाडीत आधी बसवून ज्यावर सीट अडकवतात तो तळ, तोही घेऊ नका, दर वेळी नेण्याची एक वस्तू वाढते. दुकानदाराला एकच विचारा: "ही बेसशिवाय, नुसत्या तीन-पॉइंट बेल्टने लागते का?" लागत असेल तर सीटच्या कडांना बेल्ट जायच्या खाचांवर निळ्या खुणा दिसतील. निळं म्हणजे मागे तोंड असतानाचा मार्ग, लाल म्हणजे पुढे तोंड असतानाचा. कमरेचा पट्टा बाळाच्या पायांवरून दोन्ही बाजूंच्या खाचांत जातो आणि खांद्याचा पट्टा सीटच्या पाठीमागून फिरतो.

आणि इथेच आपल्याकडची खरी अडचण येते. बऱ्याच कॅबमध्ये मागच्या सीटवर जाड रेक्झिनचं कव्हर ताणून बसवलेलं असतं आणि बेल्टची बकलं त्याच्या खाली गाडलेली असतात. वरून पट्टा दिसतो, पण अडकवायला जागाच नाही. कव्हरच्या फटीतून बोटं घालून, सीटची गादी दाबून, एकेक बकल ओढून काढावं लागतं. कधीकधी ते उलटं फिरलेलं असतं, कधी धुळीने इतकं भरलेलं की क्लिकच होत नाही. म्हणून बुकिंग लागताच ड्रायव्हरला फोन करा: "दादा, लहान बाळ आहे, सीट लावायला पाच मिनिटं लागतील. मागचे बेल्ट कव्हरच्या वर आहेत ना?" नसतील तर बहुतेक जण येता येता काढून ठेवतात. काही जण सरळ राइड रद्द करतात. ते गेटवर वाद घालण्यापेक्षा बरं. पुण्याच्या फेरीसाठी तर ॲपवर विसंबूच नका. सोसायटीतल्या चार जणांना विचारून एक ओळखीचा ड्रायव्हर धरा. दोनदा आला की तो बकलं वर काढूनच येतो, आणि एक्सप्रेसवेवर हळू चालवा म्हटलं तर ऐकतोही.

सीट मागच्या डाव्या बाजूला लावा. फुटपाथच्या बाजूने दार उघडतं आणि पुढची सीट सरकवून जागा करता येते. मधल्या जागेवर जुन्या गाड्यांत नुसता कमरेचा पट्टा असतो, तो चालत नाही. पुढच्या सीटवर, एअरबॅगसमोर, मागे तोंड असलेली सीट कधीच नको. फुगणारी एअरबॅग थेट सीटच्या पाठीवर आदळते. बेल्ट लावताना एक हात सीटमध्ये दाबून दुसऱ्याने पट्टा ओढा, मग जिथून बेल्ट जातो तिथे धरून हलवा. इंचभरापेक्षा जास्त हलली तर पुन्हा. बाळाच्या खांद्यावरच्या पट्ट्याची चिमूट धरता येता कामा नये. दुपट्यात गुंडाळून पट्टे लावू नका, आधी पट्टे लावा आणि दुपटं वरून घाला. बाळ फार ताठ बसलं तर झोपेत हनुवटी छातीला टेकून श्वास अडकू शकतो, म्हणून तिरका कोन राखा. कोन कसा बघायचा ते त्या सीटच्या पुस्तिकेत असतं. सलग दोन तासांपेक्षा जास्त सीटमध्ये ठेवू नका. पुण्याला जाताना मध्ये फूड मॉलला थांबून बाळाला आडवं करा.

सीएनजीच्या कॅबमध्ये डिकीत टाकी असते, हेही आधीच धरून चाला. स्ट्रोलर मावणार नाही. आणि कॅबने जाऊन लोकलने परत असा बेत सीट सोबत असताना करू नका. संध्याकाळच्या गर्दीत ती घेऊन डब्यात चढणं शक्य नाही.

भावाची सीट नम्रपणे नको म्हणा. तिच्या दर्जात काही कमी नाही, अडचण बेल्टची आहे. अमेरिकेतल्या गाड्यांत पट्टा पूर्ण बाहेर ओढला की तो लॉक होतो आणि तिकडच्या बऱ्याच सीट त्यावरच घट्ट बसतात. आपल्याकडच्या गाड्यांमधले बेल्ट साधारणपणे झटका बसला तरच अडकतात, एरवी सैल होत राहतात. अशा बेल्टवर ती सीट लावायची तर वेगळी लोखंडी क्लिप बसवावी लागते, आणि गेटवर उभ्या कॅबमध्ये ते दर वेळी नीट जमेलच असं नाही. कार सीटसाठीचा आपला सुरक्षा दर्जा, एआयएस-072, युरोपच्या आर-44 या दर्जाच्या वळणाचा आहे. त्यामुळे इथे मिळणारी, तो दर्जा किंवा आर-44 चं नाहीतर युरोपच्याच नव्या आर-129 दर्जाचं नारिंगी लेबल असलेली सीट जास्त सोयीची पडते. भावाला डायपर बॅग आणायला सांगा.

ऑनलाइन कापडी, गादीसारखी, दोन पट्ट्यांनी गाडीच्या सीटला बांधायची 'पोर्टेबल कार सीट' अगदी स्वस्तात दिसेल. गाडी नसलेल्यांना ती हवीहवीशी वाटते, कारण घडी होते. वरचं कुठलंही लेबल तिच्यावर नसेल तर घेऊ नका. जुनी सीट मात्र चालेल, पण घर माहितीतलं असेल आणि सीट कधी अपघातात सापडलेली नसेल तरच. खालच्या प्लास्टिकवर बनवल्याची तारीख कोरलेली असते, ती आणि पुस्तिकेतली मुदत बघा.

रिक्षाचं काय? रिक्षात बेल्टच नाही, त्यामुळे सीट नेऊन उपयोग नाही. बाळ छातीशी बॅगेत बांधा, मधोमध बसा आणि शक्य तिथे सर्व्हिस रोडने घ्यायला सांगा. रात्री कंटेनरच्या रांगा सुरू झाल्यावर मी मुलांना घेऊन घोडबंदरला रिक्षाने जात नाही. स्कूटरवर तर इतक्या लहान बाळाला नेऊच नका. नियमातसुद्धा हेल्मेटचा विचार नऊ महिन्यांपासून पुढच्याच मुलांसाठी केलाय. आणि पुण्याची प्रत्येक फेरी कॅबनेच कशाला? डेक्कन एक्सप्रेस ठाण्याला थांबते. ट्रेनमध्ये बाळ मांडीवर निवांत झोपतं.

पुढचा टप्पा अवघड आहे, हे आत्ताच सांगून ठेवते. इन्फंट सीट लहान पडली की साधारण चार वर्षांपर्यंत मोठी सीट लागते, आणि ती हलकी मिळणं कठीण. तेव्हा रोज उचलण्याचा विचार सोडा. आम्ही एक मोठी सीट आईकडेच ठेवली, ओळखीचा ड्रायव्हर तिकडून येताना ती घेऊन यायचा. बेबी गिअर भाड्याने देणारेही मुंबई-ठाण्यात आहेत, पण भाड्याची सीट घेताना तिचं वय आणि लेबल तितकंच बारकाईने बघा. चौथ्या-पाचव्या वर्षी, वजन 15 किलोच्या वर गेलं की बूस्टर येतो, म्हणजे मुलाला उंच बसवणारी सीट, जिच्यावर गाडीचाच बेल्ट मुलाला लावतात. पाठ असलेला घ्या, कारण झोपलेल्या मुलाचं डोकं तो सांभाळतो.

या आठवड्यात एवढंच करा. परत घेतील अशा दुकानातून सीट आणा, सोसायटीत कोणाची वॅगनआर असेल तर अर्धा तास मागून घ्या, आणि लावून बघा. छोट्या गाड्यांत मागचा बेल्ट कधीकधी सीटच्या पाठीमागून फिरवायला पुरत नाही. नाहीच पुरला तर दुसऱ्याच दिवशी ती परत करून कमी घेराची घ्या. कोणतं मॉडेल बघताय ते इथे लिहिलंत तर त्याच्या खाचा नेमक्या कुठे आहेत ते पाहून सांगते.