दाइम्यो म्हणजे सरंजामदार की संस्थानिक?

प्रश्न असा आहे. जपानमधल्या योनेझावा मुलखाचे अठराव्या शतकातले धनी उएसुगी योझान यांच्यावरचा लेख मराठीत आणायचा आहे, तर 'दाइम्यो'ला, म्हणजे अशा धन्याला, काय म्हणावं? कोशात सरंजामदार मिळाला, कुणी संस्थानिक सुचवला, आणि प्रश्नकर्त्याने स्वतः लिहिलंय: 'योनेझावाच्या जहागीरदाराने १७८५ साली आपली जहागीर मुलाला देऊन टाकली.'

आधी मूळ शब्द पाहू. 'दाइ' म्हणजे मोठं आणि 'म्यो' म्हणजे नाव. त्यावरून 'मोठ्या नावाचा, नामांकित माणूस' असा अर्थ लावला जातो, पण हे नाव कीर्तीचं नव्हे. 'म्योदेन' म्हणजे कुणाच्या तरी नावे लागलेली शेतजमीन. आपण 'त्याच्या नावावर चाळीस एकर आहे' म्हणतो ना, तेच हे नाव. दाइम्यो म्हणजे ज्याच्या नावावर पुष्कळ आहे तो. पुढे एदो काळात (१६०३ ते १८६८) याचं मापही ठरलं: मुलखाचं अंदाजी पीक किमान १०,००० कोकू. एक कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, एका माणसाची वर्षाची बेगमी. (कोकूचं 'खंडी' करू नका. आपली खंडी दर मुलखाला बदलते, हिशेबाचा विचका होईल.)

जहागीरदार मी बाद करतो. जहागिरीत मुळात पगारापोटी महसूल नेमून दिलेला असतो. मोगलांकडे तर ती काही वर्षांनी बदलायचीही. दाइम्योकडे स्वतःचे कायदे, स्वतःचा न्यायनिवाडा, खजिना, कुठे कुठे स्वतःच्या कागदी नोटासुद्धा होत्या. मांडलिकही नको, कारण त्यामागून खंडणी येते आणि शोगुनला, म्हणजे सगळ्या दाइम्योंच्या वरच्या लष्करी सत्ताधीशाला, ठरावीक वार्षिक खंडणी नव्हती. होतं ते अधिक खर्चीक: १६३५ पासून दाइम्योने साधारण एक वर्ष शोगुनच्या राजधानीत, एदोत (आजचं टोकियो), आणि एक वर्ष मुलखात काढायचं, बायको-मुलं मात्र कायम एदोत. शब्द गोड काहीही वापरा, ते ओलीसच.

सरंजामदार अर्धा बरोबर आहे. मराठेशाहीत फौज बाळगण्यासाठी मुलूख तोडून देत तो सरंजाम. वतनासारखा तो तत्त्वतः वंशपरंपरेचा नव्हे. दाइम्योलाही नवा शोगुन आला की लाल शिक्क्याचं पत्र नव्याने घ्यावं लागे. इथवर जुळतं. अडचण आजच्या मराठीची आहे. 'सरंजामी वृत्ती' ही आता शिवी झाली आहे. योझान सुती कपडे घालत, जेवणात एक सार आणि एक भाजी. त्यांना सरंजामदार म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांपुढे लोड-तक्के येणार.

उरला संस्थानिक. त्याच्याबरोबर रेसिडेंट आणि तोफांची सलामी आगंतुकासारखी येते हे खरं, पण हा शब्द आपल्याबरोबर 'दत्तक' आणि 'खालसा' हे दोन फार कामाचे शब्दही आणतो. १६६४ साली योनेझावाचे दाइम्यो वारस न ठेवता वारले. नियमाने मुलूख खालसाच व्हायचा. दत्तक मान्य झाला, पण ३ लाख कोकूंचे १.५ लाख झाले. त्याआधी १६०० सालच्या सेकिगाहाराच्या लढाईनंतर १२ लाखांचे ३ लाख झालेच होते. पदरची माणसं मात्र या घराण्याने उत्पन्नाच्या मानाने कमी केली नाहीत, आणि कर्ज तिथूनच चढत गेलं. हे सगळं मराठीत सांगताना 'खालसा'ला तोड नाही.

तसाच दुसरा शब्द 'खासगी'. १७६७ साली गादीवर आल्यावर योझान यांनी वर्षाचा १,५०० र्‍योंचा खर्च २०९ वर आणला (र्‍यो हे सोन्याचं नाणं), दासी ५० च्या ९ केल्या. ही कपात कशात? 'वैयक्तिक खर्च' लिहिलं तर दाढीच्या साबणाचे पैसे वाटतात. होळकरांकडे 'दौलत' वेगळी आणि 'खासगी' वेगळी असे. अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला तेही १७६७ सालीच. तेव्हा 'खासगीचा खर्च' लिहा. सगळ्यांना ही काटकसर रुचली नाही. १७७३ साली सात बड्या सरदारांनी लेखी तक्रार करून सुधारणा मागे घ्यायला सांगितल्या. त्यातल्या दोघांना सेप्पुकूची, म्हणजे स्वतःचं पोट चिरून मरण्याची, शिक्षा झाली. अशा प्रसंगात सरदार आपल्या दाइम्योला 'तोनो' म्हणतात तिथे 'महाराज' नको, 'धनी' ठेवून पाहा. लगेच माणसं बोलायला लागतात.

आणखी एक, 'कुनी'. हा शब्द देशालाही आणि दाइम्योच्या प्रदेशालाही चालतो. १७८५ साली कारभार सोडताना योझान यांनी वारसाला तीन कलमं लिहून दिली. त्यांतलं तिसरं असं की धनी मुलखासाठी आणि रयतेसाठी असतो, मुलूख आणि रयत धन्यासाठी नव्हे. तिथे 'राष्ट्र' घातलंत तर कलमाचं भाषण होतं. 'मुलूख'च हवा.

माझं मत: 'दाइम्यो' तसाच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'जपानी संस्थानिक' अशी ओळख द्या. चालवायलाही सोपा आहे, 'दाइम्योने, दाइम्योंना', फोटोसारखा. 'हान'ला, म्हणजे दाइम्योच्या मुलखाला, खुशाल संस्थान म्हणा. 'हान' हे अधिकृत नाव १८६८ नंतरचं, त्यामुळे 'हान'चा हट्ट धरायचं कारण नाही.

तुमच्या वाक्यात 'मुलाला' हाही घोटाळा आहे. हारुहिरो हे योझान यांच्या दत्तक वडिलांचे सख्खे पुत्र, योझान यांनी त्यांना दत्तक घेतलं होतं. योझान हे नावही निवृत्तीनंतरचं, गादीवर असताना ते हारुनोरी. म्हणून: 'योनेझावाचे दाइम्यो उएसुगी हारुनोरी, म्हणजे पुढचे योझान, यांनी १७८५ साली संस्थानचा कारभार दत्तक पुत्र हारुहिरो यांच्या हाती सोपवला.'